म्हातारीचं पाणी

आबांच्या दारात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बसा म्हटलं नाही, चहाचं विचारलं नाही, नावसुद्धा विचारलं नाही. माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट करून ते म्हणाले, "हे कुठलं पाणी?"

"दवाखान्यातलं," मी म्हटलं.

"दवाखान्याला झरा फुटलाय व्हय? कुठून आलं ते इचारतोय."

मला माहीत नव्हतं. नेकनूरच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला थोडेच दिवस झाले होते. लाळ-खुरकतीची लस टोचायला मी हा डोंगर उतरून आले होते, आणि उन्हानं माझं डोकं चढलं होतं. आबांनी माझी बाटली घेतली, त्यातलं पाणी बोरीच्या बुडाला ओतलं आणि आपल्या तांब्यातलं पाणी तिच्यात भरून दिलं. मला राग आला होता. तरी पाणी प्यायले, कारण दुसरं नव्हतं. थंड होतं आणि थोडं मातीच्या वासाचं.

"म्हातारीचं हाय," ते म्हणाले. मला वाटलं, घरात कुणी आजीबाई असतील.

पुढे जितकी वर्षं ओळख राहिली तितकी वर्षं ते मला 'डाक्टरीन' एवढंच म्हणत. माझं नाव त्यांनी कधीच विचारलं नाही. पण मी कुठल्या गावाला गेले होते आणि तिथं काय पाणी प्यायले, हे मात्र दर खेपेला विचारत.

त्यांचं रान म्हणजे बालाघाटाच्या पठाराला पडलेली एक खोल चीर होती. वर सपाट माळ, कुसळी गवत आणि वारा. चालता चालता माळ एकदम संपतो आणि पायाखाली दरा दिसतो. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांत सीताफळीची झुडपं, आणि त्या काळ्या कातळांच्या मधे एक तांबडा पट्टा, विटेचा चुरा थापून ठेवावा तसा. पाणी वरून मुरत येतं, त्या तांबड्या थरावर अडतं आणि जिथं वाट सापडेल तिथून बाहेर येतं. दऱ्यात अशा तीन-चार जागा होत्या. त्यांना आबांनी नावं दिली होती, आणि त्यांच्याबद्दल ते भावकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत.

'पाव्हणा' श्रावणात यायचा आणि दिवाळीनंतर न सांगता निघून जायचा. 'सून' सकाळी भरलेली असायची, पण गुरांचा गलका झाला की आटायची. ती लाजते म्हणून आबा गुरांना तिकडे वळूच देत नसत. 'थोरली'चं कुंड मोठं होतं, सगळा कळप तिच्यावर प्यायचा. आणि 'म्हातारी' सगळ्यात खाली, पुढे आलेल्या कातळाच्या सावलीत. बोटाएवढी धार. पावसाळ्यात वाढायची नाही, उन्हाळ्यात तुटायची नाही.

तिथंच दगडी भिंतीचं आवार आणि एक छप्पर होतं. आबा त्या छपरात राहायचे, गावरान गाईंच्या कळपासोबत. ते पन्नाशीचे होईपर्यंत त्यांच्या घराण्याचा गावात मोठा मान होता, निवडणुकीला लोक त्यांच्याकडे यायचे म्हणतात. मी पाहिले तेव्हा धोतर, वर जुना काळा कोट, आणि खांद्याला सुतळीनं बांधलेला पितळी तांब्या, असे ते असत. लग्नाला गेले तरी तांब्या बरोबर. पंगतीत वाढप्यानं ग्लासात पाणी ओतलं की ते ग्लास शेजाऱ्याकडे सरकवायचे. पाहुण्यांना वाटायचं, काहीतरी मानापमान झाला.

पाण्याची चव आपल्याला डोळे मिटून कळते, असं त्यांचं म्हणणं होतं. नेकनूरच्या बाजारात एकदा चहावाल्यानं त्यांची परीक्षा घेतली. एका ग्लासात जारचं पाणी, एकात टँकरचं, आणि एकात कपिलधारच्या धबधब्याचं. कुणीतरी आदल्या दिवशी दर्शनाला जाऊन कॅन भरून आणला होता. मीही बाकावर बसले होते. आबांनी प्रत्येक घोट जिभेवर घोळवला. मग टँकरचा ग्लास उचलून म्हणाले, "ही कपिलधार. कातळावरनं उडी मारलेलं पाणी हाय, लपत न्हाई." आणि कपिलधारच्या पाण्याला म्हणाले, "हे जारचं. फेकून दे."

अख्खा बाजार हसला. आबा उठले, टोपी सारखी केली आणि चालू लागले. नंतर कितीतरी दिवस ते बाजाराला फिरकले नाहीत. पुढे मी दऱ्यात गेले तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. "त्या दिवशी टँकरवाल्यानं कपिलधारच्या अंगानंच टँकर भरला आसंल. मी चवकशी करतो." चौकशी त्यांनी केली असेलही. पण हरलो, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

त्यांच्या बायकोला सगळं गाव माय म्हणायचं. ती वर राहायची, रस्त्याकडेच्या घरात, मुलाजवळ. दोघांचं भांडण झालेलं नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की मुलानं रस्त्याला लागून बोअर घेतला, पाणी लागलं, त्यानं तिथं घर बांधलं आणि माय गावातलं जुनं घर सोडून त्या घरात राहायला गेली. आबा गेले नाहीत, गुरांजवळ दऱ्यातच राहिले.

एकदा तिच्या ओसरीत बसले असताना मी म्हटलं, "आबांचं त्या झऱ्यांवर फार प्रेम आहे."

माय गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाय की. त्यांना झरे दिसतेत, मला तो चढ दिसतो. लगीन होऊन आले तवापासून दोन-दोन घागरी घेऊन चढले मी तो. पोटुशी असताना चढले. त्यांच्या आईच्या तेराव्याचा सैपाक झाला तवा दिसभर चढले. नळ आला त्या दिशी मी नळाखाली हात धरून रडले बगा." मग एक खडा सुपाबाहेर टाकत म्हणाली, "माझे गुडघे त्या दऱ्यात हायत."

आबा रोज सकाळी दूध घेऊन वर यायचे. एका हातात दुधाची किटली आणि दुसऱ्या खांद्यावर म्हातारीच्या पाण्याची कळशी. कळशी ओट्यावर ठेवायचे आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसायचे. आत जायचे नाहीत. माय त्यांच्यासमोर कधी ते पाणी प्यायली नाही. पण बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजायची नाही, तेव्हा ती ते पाणी डाळीला वापरायची, आणि ती डाळ आणि भाकरी त्यांना आणून द्यायची. ते जेवायचे, रिकामी कळशी उचलायचे आणि निघायचे. दोघांत शब्द फारसा व्हायचा नाही. मुलगा वैतागायचा. "म्याडम, तुमी तरी सांगा ह्यांना. दऱ्यातल्या झऱ्याला मोटार लावली तर सगळ्या गावाला पाणी येतं. पर हे हात लावू दीनात." आबांना विचारलं तर ते म्हणायचे, "म्हातारीला मोटार सोसायची न्हाई." बस्स.

मग ते वाईट वर्ष आलं. पाव्हणा आलाच नाही. सून संक्रांतीलाच आटली. होळीनंतर थोरलीच्या कुंडाचा तळ दिसला, आणि त्याच सुमाराला रस्त्यावरच्या बोअरमधून नुसती हवा यायला लागली. गावात टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. वरच्या बायका हंडे घेऊन दरा उतरू लागल्या. खाली आल्या तर म्हातारीवर आबांचा सगळा कळप उभा.

त्या बायका काही बोलल्या नाहीत, असं नंतर मला त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलं. रान आबांचं, झरा आबांचा. त्या हंडे घेऊन सावलीत बसून राहिल्या. गाई हंबरत होत्या. आबा मधे दगडावर बसले होते, एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. बऱ्याच वेळानं ते उठले, आवाराचं कवाड उघडलं आणि कळप वरच्या वाटेला लावला.

आमची चारा छावणी गावाबाहेरच्या माळावर होती आणि माझी ड्यूटी तिथं होती. धुळीतून तो कळप येताना दिसला तेव्हा मला खरं वाटेना. पुढे चंद्री होती, कळपातली म्होरकी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, त्या वेळी गाभण. आबांनी तिला माझ्यासमोर आणून उभं केलं.

"डाक्टरीन, बाकीच्या पितील. ही टँकरच्या पाण्याला तोंड लावायची न्हाई. हिच्याकडं ध्यान ठिवा."

आणि खरंच, त्या दिवशी चंद्रीनं हौदाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा घागर खांद्यावर घेऊन आले. एवढा चढ आणि पुढे माळ, उन्हात चालत. आपल्या वाटणीचं पाणी आणलं होतं त्यांनी. घमेल्यात ओतलं, चंद्रीच्या पुढ्यात ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. तिनं नाक पाण्याशी नेलं. फुंकरलं. मग मान वळवली, दोराला ओढ देत हौदाकडे गेली आणि इतर जनावरांच्या मधे घुसून टँकरचं पाणी पिऊ लागली. पीतच राहिली.

डॉक्टर म्हणून माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आबांकडे मात्र मला बघवेना. त्यांनी घमेलं उचललं आणि शेजारी बांधलेल्या कुणाच्यातरी बैलापुढे ठेवलं. तो एका दमात प्यायला.

"इसरली," ते म्हणाले. "बरं झालं. जगंल." मग रिकामी घागर घेऊन निघून गेले आणि पुन्हा छावणीकडे आले नाहीत.

चंद्री व्याली ती वैशाखात. कालवड झाली. आबांना सांगावं म्हणून मी दुपारी दऱ्यात उतरले. सीताफळीला पान नव्हतं, दगडावर हात ठेववत नव्हता. खाली कातळाच्या सावलीत बायकांची रांग होती, आणि रांगेच्या टोकाला आबा. धारेखाली दगडात एक खोलगा झाला होता. तो भरला की ते वाटीनं पाणी काढून हंड्यात घालायचे. हंडा भरेपर्यंत पुढची बाई थांबायची. एका घराला एक हंडा, आणि नंबर सोडून कुणाला नाही. सरपंचाच्या सुनेलाही नाही. त्यामुळे मायच्या ओट्यावर रोज जाणारी कळशीही कधीच बंद झाली होती.

आणि त्या रांगेत माय होती.

ती कशी उतरली असेल, देव जाणे. लुगड्याला मागून सगळी तांबडी माती लागली होती. अर्धी वाट ती बसून, घसरत आली असावी. बायका म्हणत होत्या, "माय, तुमी पुढं व्हा." ती म्हणत होती, "न्हाई बायांनो. माझा नंबर आला की भरीन." आबा वाटी भरत होते. त्यांनी तिला पाहिलं होतं, पण मान वर केली नव्हती.

तिचा नंबर आला.

"कशापायी आलीस?" आबा म्हणाले. "गुडघे हायत का हे उतरायचे?"

"कळशी आली न्हाई. म्हणून आले."

"सगळ्यांना पुरंना झालंय. तुझी आधी कशी भरू?"

"आधी भरा म्हणले का मी? रांगेत हुबी ऱ्हायले की सकाळधरनं."

आबांनी वाटी बुडवली. एक वाटी, मग दुसरी. खोलगा रिकामा झाला की दोघं तो भरायची वाट बघत बसायची. आबांनी विचारलं, "पोरगं जेवतंय का नीट?" ती म्हणाली, "जेवतंय. तुमी?" ते म्हणाले, "मला काय हुतंय."

"वाळलात," ती म्हणाली. "घरी चला."

"मी आलो तर वाटी कोण धरंल? धरणारा दुसरा असता तर हंडे डोक्यात घातले असते ह्यांनी एकमेकींच्या."

बायका हसल्या. कळशी भरली. मायनं सवयीनं पदराची चुंबळ केली आणि कळशीला हात घातला. आबांनी तिचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर. मला वाटतं त्या वयाच्या माणसांना तसं करताना त्या गावानं कधी पाहिलं नसावं.

"ठिव ती खाली."

मायनं वर पाहिलं. काळ्या पायऱ्या एकावर एक उन्हात तापलेल्या, आणि अगदी वर आभाळाची पट्टी. ती बराच वेळ बघत होती.

"मला न्हाई जाता यायचं आता वर," ती म्हणाली. "उतरताना ध्यानातच आलं न्हाई."

"मग ऱ्हा," आबा म्हणाले, आणि पुढच्या बाईचा हंडा ओढून घेतला.

कालवडीची बातमी सांगायची मी विसरूनच गेले होते. निघताना आठवली. आबा म्हणाले, "आईवर गेलीया का?" मी हो म्हटलं. माय म्हणाली, "मग ती बी हट्टी निघणार," आणि छपराच्या सावलीत पाय लांब करून बसली.

तो सगळा उन्हाळा ती खाली राहिली. मला जमेल तेव्हा मी जायचे. दर वेळी माय पोत्यावर बसलेली असायची आणि रांगेतल्या भांडणांचे निवाडे करत असायची. निरगुडीचा पाला उकळून आबा तिचे गुडघे शेकायचे; त्यासाठी लागणारं पाणी ते स्वतःच्या आंघोळीतून काढायचे, आणि आंघोळ बहुधा करायचेच नाहीत. हंडे भरून बायका गेल्या की दोघं बोलत बसायची. बोलत असायची कशाबद्दल, तर मेलेली गुरं, जुनी लग्नं, लिंबागणेशच्या जत्रेत हरवलेली एक चप्पल. बायका सांगायच्या, ह्या दोघांचा एवढा आवाज आम्ही जन्मात ऐकला नव्हता.

पाऊस झाला, कळप परत आला, थोरली भरली. मायला चार माणसांनी बाजेवर बसवून वर नेलं. बाजेच्या मागं आबा चालत होते. वर पोचल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली आणि म्हणाले, "पायप टाक."

मुलाला आधी कळेना. "कुठं?"

"म्हातारीला. हिच्या डोक्यावरनं लई पाणी चढलं. आता पायपातनं चढू दे."

दिवाळीपर्यंत म्हातारीच्या धारेपाशी सिमेंटची टाकी झाली, उन्हावर चालणारी छोटी मोटार आली, माळावर पाइप दिसू लागला. दगड वाहायला आबा स्वतः होते. धार काही तुटली नाही, मोटार तिला सोसली. गावच्या टाकीत पाणी पडलं त्या दिवशी बायकांनी नारळ फोडला. आबा खूश होते. मी स्वतः पाहिलं.

पण थंडीत मी कळप तपासायला खाली गेले तेव्हा दऱ्यात कुणी नव्हतं. वाटेवर गवत वाढलं होतं. मोटारीचा बारीक आवाज येत होता. आबा म्हणाले, "पाणी वर गेलं, डाक्टरीन, अन् माणसं बी वर गेली." सकाळी ते अजून दूध घेऊन मायकडे जात. कळशी न्यायचं आता कारण उरलं नव्हतं. "एक खांदा मोकळाच ऱ्हातो," ते म्हणाले. "चालताना तोल जातो."

त्यानंतर माझी बदली झाली. आता मी अशा जिल्ह्यात आहे जिथं चार महिने पाऊस थांबत नाही आणि विहिरी हातानं पाणी घेता येईल इतक्या भरतात. इथं कुणी पाण्याला नाव ठेवत नाही. पागोळ्या गळत असतात आणि मी कधीकधी खिडकीशी उभी राहून त्या तांबड्या पट्ट्यातून झिरपणारी बोटाएवढी धार आठवते. तिच्यासाठी जीव तुटतो असं कुणाला सांगितलं, तर हसतील.

आबा गेल्याचं मुलानं फोनवर कळवलं. ताप आला, शेवटचे काही दिवस वरच्या घरातच होते, त्रास झाला नाही, म्हणाला. मला जायला हिवाळा उजाडला. कळप मुलानं लिंबागणेशकडच्या पाहुण्यांच्या रानात दिला होता. माय ओट्यावर बसली होती. ती बारीक झाली होती, पण तिनं मला लगेच ओळखलं, आणि काठी घेऊन उठली. आम्ही दोघी हळूहळू माळाच्या कडेपर्यंत गेलो. तिला तेवढंच चालता येत होतं.

खाली दऱ्यात सीताफळी हिरव्या होत्या. कुणा धनगराची मेंढरं चरत होती. छपराचे पत्रे कुणीतरी नेले होते, दगडी भिंत तेवढी दिसत होती. माय वाऱ्यात डोक्यावरचा पदर धरून बघत राहिली.

"त्या उन्हाळ्यात मी खाली होते ना," ती म्हणाली, "तवा त्यांनी मला एकदा बी घागर उचलू दिली न्हाई. पाणी प्यायचं तर तांब्या हातात आणून द्यायचे. दिसभर बोलायचे. जल्मभराचं तेवढ्यात बोलले बगा."



"पावसानं घाई केली," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, कुणी ऐकेल अशा भीतीनं, "कधीकधी वाटतं, पुन्यांदा तसाच दुष्काळ पडावा. गावाला पाणी नसताना मी असं मागते. पाप हाय ते. पर वाटतं."

तिनं दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला, काठी टेकली, आणि चहा टाकते म्हणून घराकडे वळली.